पायी चालणाऱ्याला वाहनाने उडविले, तर भरपाईचा हक्क कसा मिळवावा?

पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुकापूर हे गाव आता नावापुरतेच गाव राहिले आहे. इमारती उभ्या राहिल्या, दुकाने आली, रिक्षा, टेम्पो, डंपर वाढले. वाढली नाही ती पायी चालणाऱ्याची जागा. आमच्या दुकानी येणारा शिंपी पायी येतो, कटपीसचे गाठोडे खांद्यावर टाकून फेरी करणारा पायी जातो, गवंडी आणि सुतार सकाळी नाक्यावर पायीच जमतात, फजरच्या नमाजसाठी निघणारे बुजुर्ग अंधारातच रस्त्याच्या कडेने चालत असतात. अपघात झाला तर पहिला मार यांनाच बसतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक माणूस असा, की जो कोणत्याही वाहनात बसलेला नव्हता.

या माणसांना कायद्याने काय मिळते आणि ते मिळविण्यासाठी काय करावे लागते, हा आजचा विषय आहे. आम्ही वकील नाही, कापडाचे व्यापारी आहोत. परंतु बाजारात बसणाऱ्याला या बाबतीत लोक सल्ला विचारतातच, म्हणून माहिती नीट करून घेणे आम्हाला भाग पडले.

आपल्याकडे अपघातानंतर जे घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. आधी गर्दी चालकाला मारते. मग गाडीमालकाचा माणूस दवाखान्यात येतो, पाच-दहा हजार रुपये हातावर ठेवतो आणि एका कागदावर सही किंवा अंगठा घेतो. घरातले लोक घाबरलेले असतात, दवाखान्याचे बिल चढत असते, कोणी एक मोठे गृहस्थ मध्ये पडून 'कोर्टकचेरी करून काय मिळणार' असे म्हणतात आणि मामला मिटतो. सहा महिन्यांनी कळते की हात पूर्वीसारखा वर जात नाही, शिलाई मशीनवर बसवत नाही. तोपर्यंत तक्रारही नसते आणि कागदही नसतो. दवाखान्यात मिळालेली रक्कम उपचाराची मदत म्हणून घ्यावयाची असेल तर जरूर घ्यावी, परंतु 'आमची काही तक्रार नाही' अशा मजकुरावर सही करू नये. एवढी एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी आमचे आजचे लिहिणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.

एक अपघात, दोन खटले

एका अपघातातून दोन वेगळे खटले निघतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पहिला फौजदारी. तो सरकार चालविते आणि त्यात चालकाला शिक्षा होते किंवा तो सुटतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यात बेदरकारपणे वाहन चालविण्यासाठी कलम २८१, इजा झाल्यास कलम १२५ आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६(१) आहे. या शेवटच्या कलमात ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद देणारे कलम १०६(२) मात्र चालकांच्या संपानंतर जानेवारी २०२४ मध्ये बाजूला ठेवले गेले आणि इतर कलमांबरोबर लागू झाले नाही.

दुसरा खटला भरपाईचा. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तो जखमीला किंवा मृताच्या वारसांना स्वतः लावावा लागतो आणि पैसे बहुतेक वेळा गाडीची विमा कंपनी देते. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात तसे नसते, कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते. म्हणून चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही.

मुंबईची दोन प्रकरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्याला एका बेकरीजवळ फुटपाथवर झोपलेल्या कामगारांवर गाडी चढली. एक जण मेला, चौघे जखमी झाले. अभिनेते सलमान खान यांच्यावरचा हा खटला तेरा वर्षे चालला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. परंतु जखमींसाठी व मृताच्या कुटुंबासाठी एकूण १९ लाख रुपये भरण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश २००२ सालीच झाला होता. दुसरे प्रकरण १२ नोव्हेंबर २००६ चे. कार्टर रोडला रस्त्याच्या कामावरचे मजूर फुटपाथवर झोपले होते, त्यांतले ७ जण गाडीखाली सापडून मेले आणि ८ जखमी झाले. सत्र न्यायालयाने अवघी सहा महिन्यांची कैद दिली, उच्च न्यायालयाने ती ३ वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. शिक्षेच्या निकालाला किती वर्षे लागतात आणि तो कसा खालीवर होतो ते यावरून दिसते. जखमीच्या घरची चूल त्याची वाट पाहत थांबू शकत नाही. म्हणून दावा वेगळा आणि वेळेवर लावावा.

९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्याच्या बाजारपेठेत बेस्टची बस लोकांत घुसली आणि सातहून अधिक लोकांचा जीव गेला. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले. अशी सरकारी मदत म्हणजे भरपाई नव्हे. ती घेतल्यानंतरही न्यायाधिकरणापुढे दावा लावता येतो.

पहिले दोन दिवस

जखमीला सर्वांत जवळच्या दवाखान्यात न्यावे. पोलिसांची वाट पाहत रस्त्यावर ठेवू नये. जखमीवर आधी उपचार आणि मग कागद, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे आणि कोणताही दवाखाना, सरकारी असो की खाजगी, त्याला परत पाठवू शकत नाही. नेऊन पोहोचविणाऱ्यालाही भिण्याचे कारण नाही. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, खर्च मागता येत नाही, ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. हे मार्च २०१६ च्या निकालाने आणि नंतर कायद्यात आलेल्या कलम १३४-अ ने पक्के झाले आहे. मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना लागू आहे. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दर माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार होतो. ११२ वर फोन करताना जवळचे नेमलेले रुग्णालय कोणते ते विचारून घ्यावे.

दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांना 'वाहनाने धडक दिली' असेच सांगावे. कित्येक ठिकाणी पोलिसांच्या लफड्याला भिऊन नातेवाईक 'पायऱ्यांवरून पडला' असे सांगतात. दवाखान्याच्या कागदावर हे शब्द एकदा उमटले की विमा कंपनीचा वकील ते वर्षभराने न्यायालयात वाचून दाखवतो, आणि मग दहा साक्षीदार उभे केले तरी तो डाग पुसत नाही.

गुन्हा ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तेथे नोंदवावा. सुकापूरकरांसाठी ते खांदेश्वर पोलीस ठाणे. महामार्गावर अपघात झाला तर हद्द वेगळी असू शकते, परंतु त्या कारणाने तक्रार घेण्यास कोणी नकार देऊ शकत नाही. आधी नोंदवून मग ती योग्य ठाण्याकडे पाठविता येते. प्रथम खबरीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि न्यायाधिकरण त्या अहवालालाच दावा मानून काम सुरू करू शकते. ही तरतूद चांगली आहे. पण तिच्या भरवशावर घरी बसणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

गाडीचा क्रमांक ही या सर्वांची किल्ली आहे. पाहणाऱ्याने तो ताबडतोब मोबाईलवर टिपावा, शक्यतो छायाचित्र घ्यावे. शेजारच्या दुकानदाराचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी चित्रीकरण जपून ठेवण्यास सांगावे आणि पोलिसांनाही तसे कळवावे. बहुतेक कॅमेऱ्यांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. आमच्या व्यापारी बांधवांनी या कामी कुरकुर करू नये.

कमाईचा पुरावा, म्हणजे आपल्या बाजाराचे दुखणे

न्यायाधिकरण भरपाई ठरविताना विचारते की माणसाचे वय काय, कमाई काय आणि इजेमुळे कमाई किती घटली. वयाचा दाखला सर्वांकडे असतो. अडते ते कमाईपाशी.

आपल्या कारागिरांपैकी बहुतेकांची मजुरी नगावर, रोख आणि तोंडी. मालकाच्या वहीत 'सलीम १२००' असे लिहिलेले असते, कधी तेही नसते. महिन्याला अठरा हजार कमावणारा दर्जी न्यायालयात एक चिठ्ठीसुद्धा दाखवू शकत नाही, आणि मग न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरते. तो आकडा जवळजवळ नेहमी खऱ्या कमाईहून कमी असतो. सर्वोच्च न्यायालयाने मात्र असंघटित कामगारांच्या बाबतीत समजूतदारपणा दाखविला आहे. २०१४ च्या एका निकालात भाजीविक्रेत्याचा पाय गेला होता. त्याच्याजवळ उत्पन्नाचा कागद नव्हता, तरी न्यायालयाने महिना ६,५०० रुपये कमाई मान्य केली आणि कामाची क्षमता ८५ टक्के गेली असे धरले. परंतु सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती जण पोहोचतात?

म्हणून मालकांनी आपल्या कारागिरांची मजुरी शक्य तितकी बँकेतून द्यावी, निदान वहीत तारीख घालून नाव, काम आणि रक्कम लिहून कारागिराची सही घ्यावी. कारागीर जखमी झालाच तर कमाईचे पत्र तर द्यावेच, पण साक्षीला उभे राहण्याचीही तयारी ठेवावी. नुसत्या पत्राला न्यायालयात वजन नसते, लिहिणारा उलटतपासणीला समोर यावा लागतो. ज्यांचा स्वतःचा छोटा धंदा आहे त्यांनी उद्यम नोंदणी, गुमास्ता परवाना, बँकेचे उतारे जपावेत. आयकर विवरणपत्र हा सर्वांत मजबूत पुरावा. येथे एक कडू गोष्ट सांगावीशी वाटते. कर वाचविण्यासाठी ज्याने वर्षाला दोन लाख दाखविले, त्याची विधवा न्यायालयात सहा लाख सांगू लागली तर विमा कंपनी तेच विवरणपत्र तिच्यापुढे ठेवते.

हिशेब कसा होतो

२००९ आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन मोठ्या निकालांनी हिशेबाची रीत ठरवून दिली आहे. समजा, जरीकाम करणारा ३८ वर्षांचा कारागीर आहे आणि महिना १५,००० रुपये कमाई सिद्ध झाली. स्वतःचा धंदा करणाऱ्याचे वय ४० च्या आत असेल तर पुढील वाढीसाठी ४० टक्के जोडतात, म्हणजे २१,०००. वर्षाचे झाले २,५२,०००. वय ३६ ते ४० असेल तर गुणक १५. गुणाकार ३७,८०,०००. आता उजव्या हाताच्या इजेमुळे कमाईची क्षमता ४० टक्के गेली असे ठरले, तर भरपाई १५,१२,०००. शिवाय औषधपाण्याचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, वेदना आणि सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वेगळा. वय वाढेल तसा गुणक उतरतो. ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११, ६१ ते ६५ ला ७. मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो, दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश.

या हिशेबात सर्वांत जास्त भांडण त्या ४० टक्क्यांवर होते. डॉक्टरांचा दाखला एखाद्या अवयवाचे किंवा सर्व शरीराचे अपंगत्व सांगतो. कामाचे नुकसान वेगळे असते. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उदाहरणाने सांगितला. डावा हात गेलेला माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते, तोच सुतार किंवा चालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. आमच्या मते कारागिरांच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा निकाल दुसरा नाही. जरीवाल्याच्या दोन बोटांचे अपंगत्व दाखल्यावर दहा-पंधरा टक्के दिसेल, पण त्या बोटांवाचून सुई धरता येत नाही. हे वकिलाला समजावून सांगणे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावणे आणि काम कसे होते ते न्यायाधीशांपुढे मांडणे जरूर आहे. वरच्या उदाहरणात ४० ऐवजी २० टक्के धरले गेले तर साडेसात लाखांहून अधिक रक्कम जाते.

गृहिणींबद्दलही सांगायला हवे. 'ती कमावत नव्हती' म्हणून दावाच न लावणारी घरे आम्ही पाहिली आहेत. घरातल्या कामाचे मोल धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

कलम १६४ चा एक वेगळा मार्ग आहे. त्यात चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख अशी ठराविक रक्कम मिळते. मात्र ही रक्कम तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. कमावता तरुण गेला असेल किंवा कायमचा अधू झाला असेल तर विमा कंपनीच्या देकारावर सही करण्यापूर्वी वरचा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

गाडी पळून गेली तर

गाडीचा पत्ताच लागला नाही तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० रुपये मिळतात. पूर्वी हेच २५,००० आणि १२,५०० होते. अर्ज न्यायालयात नव्हे, प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा. ते चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवितात. आपल्या जिल्ह्यात म्हणजे अलिबागला. मंजुरीनंतर पैसे थेट बँक खात्यात येतात. एक महिना होऊनही गाडी सापडली नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती लेखी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. ते सांगत नसतील तर आपण विचारावे. रक्कम थोडी आहे हे खरे, पण लोक माहितीअभावी तीही सोडून देतात.

मुदत

१९९४ च्या दुरुस्तीपासून दाव्याला मुदत नव्हती आणि जुने जाणते लोक अजूनही तसेच सांगतात. आता ते खरे नाही. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. या कलमाला आव्हान दिले गेले आणि केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ज्यांचा उशीर झाला आहे त्यांनी या आदेशाचा आधार घेऊन जरूर जावे. नव्या जखमींनी मात्र सहा महिनेच धरून चालावे, कारण अंतरिम आदेश बदलू शकतो.

दावा अपघाताच्या ठिकाणीच लावला पाहिजे असे नाही. जखमी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेही लावता येतो. भिवंडीचा किंवा मालेगावचा माणूस मालाच्या कामाने पनवेलला आला आणि येथे अपघात झाला, तर तारखांसाठी त्याने येथे खेपा घालण्याची गरज नाही.

वकील, दलाल आणि मोफत मदत

दवाखान्याच्या दारात 'मोठी रक्कम मिळवून देतो, त्यातला चौथा हिस्सा द्या' म्हणणारे भेटतात. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरविणे वकिलांच्या आचारनियमांत मना आहे. दलालाला तर कोणताच अधिकार नाही. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नये, मूळ बिले देताना त्यांच्या प्रती ठेवाव्यात आणि बँक पासबुक दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा, तिचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयातच असते. १५१०० हा क्रमांक या कामासाठी आहे. लोकअदालतीत दावे लवकर मिटतात, परंतु तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून रक्कम मान्य असेल तरच सही करावी.

काही दीनदार घरांत 'माणसाच्या जाण्याचे पैसे कसे घ्यावेत' असा संकोच दिसतो. चुकून झालेल्या मृत्यूबद्दल वारसांना दियत द्यावी, हा हुकूम सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत आहे. वारसांनी माफ केली तर गोष्ट निराळी, पण मागणे हा त्यांचा हक्क आहे. निकालात रकमेवर जे व्याज लागते त्याचे काय करावे, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. तेवढ्यासाठी यतीम मुलांचा मूळ हक्क सोडू नये.

आपला टेम्पो असेल तर

आमच्या वाचकांत टेम्पो बाळगणारे अनेक आहेत, त्यांनी हा सर्व मामला दुसऱ्या बाजूनेही पाहावा. चालकाच्या चुकीची भरपाई मालकावर येते, मालक त्या वेळी दुकानात बसलेला असला तरी. विमा चालू असेल तर कंपनी देते. चालकाचा परवाना खोटा किंवा संपलेला निघाला तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून भाच्याला किंवा दुकानातल्या पोऱ्याला 'जरा माल टाकून ये' म्हणून किल्ली देण्यापूर्वी परवाना पाहावा. मालकाने परवाना नीट तपासून घेतला होता हे दाखविता आले तर त्याचा बचाव होतो, त्यासाठी परवान्याची प्रत दुकानात ठेवावी. विमाच नसेल तर सर्व रक्कम मालकाच्या खिशातून जाते आणि तारण दिल्याशिवाय टेम्पो ठाण्यातून सुटत नाही. तारण दिले नाही तर तो विकून आलेली रक्कम न्यायाधिकरणात जमा होते.